पायरी कुठली, शिडी कुणाची?

एका कागदावर दहा पायऱ्यांची शिडी काढा. ज्यांच्याकडे सर्वांत जास्त पैसा, सर्वांत चांगले शिक्षण आणि सर्वांत मानाची नोकरी आहे, अशी माणसे सर्वांत वरच्या पायरीवर उभी आहेत असे समजा. ज्यांच्याकडे यातले जवळजवळ काहीच नाही, ती सर्वांत खाली. आता या शिडीवर तुम्ही स्वतः कुठे आहात, तिथे एक फुली मारा.

प्रश्न एवढाच आहे आणि उत्तराला अर्धे मिनिटही लागत नाही. पण गेली पंचवीस वर्षे जगभरचे संशोधक या फुलीकडे मोठ्या गांभीर्याने पाहत आले आहेत. माणूस आपल्या आयुष्याबद्दल किती समाधानी आहे, त्याला झोप कशी लागते, त्याची तब्येत कशी राहते, याचा काही अंदाज त्या फुलीवरून येतो. त्याची पगाराची पावती पाहिली नाही तरीही.

हाच प्रश्न रहाटणीत विचारून पाहू. समजा, पहाटे फाट्यावर कंपनीच्या बसची वाट पाहणारा तिशीतला एक कामगार आहे. मूळचा लातूर किंवा बीडकडचा, आयटीआय झालेला, चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत लागलेला. नखाते वस्तीत भाड्याच्या खोलीत बायको-मुलासह राहतो. शिडीचा कागद त्याच्या हातात दिला तर तो आधी विचारेल, "कुठली शिडी? इथली का गावाकडची?"

हा प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध आहे. ही शिडी ज्यांनी तयार केली त्यांनीही पुढे तिचे दोन नमुने केले. एक देशातल्या सर्व लोकांच्या तुलनेत आपण कुठे आहोत हे विचारणारा आणि दुसरा आपण ज्यांना 'आपले लोक' मानतो त्यांच्यात आपले स्थान काय, हे विचारणारा. गावच्या जत्रेत हा मुलगा 'पुण्याला कंपनीत आहे' म्हणून ओळखला जातो, चार माणसे त्याला बसायला जागा देतात. रहाटणीत परतल्यावर तो पुन्हा ठेकेदाराचा माणूस होतो. पगार तोच, माणूस तोच, फुली मात्र पाच-सहा तासांच्या एसटी प्रवासात तीन-चार पायऱ्या खाली घसरते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतल्या मानसशास्त्रज्ञ नॅन्सी अॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शिडीवरचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १५७ निरोगी गोऱ्या अमेरिकी महिला होत्या. त्यांचे शिक्षण, उत्पन्न, व्यवसाय हे सगळे आधी कागदावर मोजले होते. पण त्यांच्या मनावरचा ताण, झोप लागायला लागणारा वेळ, विश्रांतीतले नाडीचे ठोके, पोटावर साठणारी चरबी यांच्याशी कागदावरच्या आकड्यांपेक्षा त्यांनी स्वतः मारलेल्या फुलीचा संबंध अधिक सातत्याने दिसला.

आपल्याकडच्या डॉक्टरांना माणसाची पायरी मोजायला वेगळ्या रीतीने शिकवले जाते. एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला कुप्पुस्वामी श्रेणी पाठ करावी लागते. बी. कुप्पुस्वामी यांनी १९७६ मध्ये शहरी कुटुंबांसाठी मांडलेली ही श्रेणी कुटुंबप्रमुखाचे शिक्षण, त्याचा व्यवसाय आणि कुटुंबाचे उत्पन्न यांना गुण देते. एकूण गुण २९. रुपयाची किंमत बदलते तसे उत्पन्नाचे आकडे अधूनमधून सुधारले जातात. सरकारनेही १९९९ पासून महाराष्ट्रातल्या कुटुंबांना पिवळे, केशरी आणि पांढरे अशी तीन रंगांची रेशनकार्डे देऊन एक शिडी बनवलेली आहेच. ही सगळी मोजमापे उपयोगाची आहेत, योजना कुणासाठी राबवायची ते त्यातून कळते. पण 'तुम्हाला स्वतःला काय वाटते' हा प्रश्न त्यात कुठेच नाही.

मराठी भाषेला मात्र तो फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 'पायरी ओळखून वाग', 'पायरी सोडून बोलू नको' असे आपण सहज म्हणतो. समोरच्याला 'अरे' म्हणायचे की 'अहो', हे ठरवताना आपण दिवसातून शंभर वेळा त्याची पायरी मोजतो आणि त्यालाही ते लगेच कळते.

पायरीचा आणि तब्येतीचा संबंध गरिबीपुरता असतो, असे बराच काळ मानले जाई. उपासमार, दाटीवाटी, अस्वच्छ पाणी, औषधाला पैसे नसणे, ही कारणे खरीच आहेत. या समजाला धक्का दिला तो लंडनमधल्या सरकारी बाबूंनी. व्हाइटहॉल म्हणजे तिथली मंत्रालयांची वस्ती. १९६७ पासून तिथल्या सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी करून पुढे अनेक वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. या अभ्यासाचे सर्वांत परिचित नाव म्हणजे मायकल मार्मट. हे सगळे नोकरदार होते, कुणी उपाशी नव्हते, सर्वांना सरकारी आरोग्यसेवा मोफत होती. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपाई-निरोप्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाले. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की फरक फक्त तळाच्या आणि शिखराच्या माणसांत नव्हता. पायरीगणिक होता. वरून दुसऱ्या श्रेणीतल्या सुस्थित माणसांची तब्येतही पहिल्या श्रेणीच्या मानाने थोडी खालावलेली होती. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब धरूनही हृदयविकारातला निम्मा फरकसुद्धा उलगडला नाही.

१९८५ मध्ये दुसरा व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला, त्यात स्त्रियाही होत्या. त्यांना पुढे अॅडलर यांची शिडी दाखवण्यात आली. लोक आपली पायरी ठरवताना कशाचा विचार करतात? हुद्दा, शिक्षण, घरातले उत्पन्न हे तर होतेच. सोबत राहणीमानाबद्दलचे समाधान होते आणि आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे पुढच्या दिवसांची पैशाच्या बाजूने वाटणारी शाश्वती. माणूस आज हातात किती आहे ते पाहतो तसे उद्या किती राहील तेही पाहतो. सहा-सहा किंवा अकरा महिन्यांच्या करारावर काम करणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मनातली पायरी शरीरात उतरते कशी? धोका दिसला की मेंदूच्या सूचनेवरून मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक सोडतात. त्याने रक्तातली साखर वाढते, शरीर पळायला किंवा झुंजायला तयार होते. धोका टळला की ते ओसरते. इथपर्यंत ही व्यवस्था उत्तम आहे. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये प्रयोगशाळेतल्या ताणाचे २०८ अभ्यास एकत्र तपासले. कोणत्या प्रकारच्या ताणाने कॉर्टिसॉल सर्वांत जास्त वाढते, असा त्यांचा प्रश्न होता. किचकट गणिते किंवा मोठा आवाज यांनी फारसे काही झाले नाही. जिथे इतर लोक आपले मूल्यमापन करत आहेत आणि परिस्थिती आपल्या हाताबाहेर आहे, तिथे ते सर्वांत जास्त उसळले. मराठीत याला 'चारचौघांत फजिती' म्हणतात. वाघ दिसण्याचा प्रसंग आता येत नाही. सुपरवायझर सर्वांसमोर झापण्याचा प्रसंग रोज येऊ शकतो. तो रोजच येत राहिला, तर ओसरायला वेळच मिळत नाही. मग झोप उडते, रक्तदाब वर राहतो, पोटावर चरबी साठते.

कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या शेल्डन कोहेन यांचा २००८चा प्रयोग याहून सरळ आहे. त्यांनी १९३ निरोगी माणसांना वेगळे ठेवून त्यांच्या नाकात सर्दीच्या किंवा फ्लूच्या विषाणूचे थेंब टाकले. ज्यांनी शिडीवर स्वतःला खाली ठेवले होते त्यांना आजारी पडण्याचा धोका जास्त निघाला. प्रत्यक्ष उत्पन्न आणि शिक्षण हिशेबात धरूनही हा फरक टिकला. त्यातला काही भाग अपुऱ्या झोपेमुळे असावा, असे दिसले.

आता पुन्हा रहाटणीकडे. पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या १९९१ मध्ये पाच लाखांच्या थोडी वर होती. २०११च्या जनगणनेत ती १७ लाखांवर गेली. हद्दीत नव्याने आलेल्या गावांचाही त्यात वाटा आहे, पण मोठा वाटा कामासाठी आलेल्या माणसांचा. रहाटणीसारख्या गावात पूर्वी पायरी ठरायची ती जमीन किती, घराणे कोणते आणि हो, जात कोणती यावरून. ती शिडी न्याय्य होती असे मुळीच नाही, पण तिच्यावर कोण कुठे आहे हे सर्वांना माहीत होते. आज दहा मिनिटे चालले तर गावठाणातली जुनी घरे, एकावर एक चढवलेल्या भाड्याच्या खोल्या आणि पिंपळे सौदागरच्या बाजूला जलतरण तलाव असलेल्या सोसायट्या, असे सगळे एका फेरीत दिसते. हिंजवडीला जाणारा संगणक अभियंता, चाकणला जाणारा कामगार आणि दोघांच्या घरी धुणे-भांडी करणारी बाई एकाच भाजीवाल्याकडे उभे असतात. प्रत्येकाला दुसऱ्याचे घर, गाडी, मुलाच्या शाळेची बस दिसते. ज्या गावात सगळेच चालत जातात तिथे चालण्याचे कुणाला वाईट वाटत नाही.

ही तुलना खिशापर्यंतही पोहोचते. नेदरलँड्समध्ये एक लॉटरी आहे, तिच्यात एखाद्या गल्लीचा पोस्टकोड निघतो. त्या गल्लीत ज्यांच्याकडे तिकीट आहे त्यांना रोख रक्कम आणि बीएमडब्ल्यू मोटार मिळते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की गाडी जिंकणाऱ्या बहुतेकांनी तिचे पैसे करून घेतले. उलट त्यांच्या शेजारी राहणाऱ्या, तिकीटही न काढलेल्या लोकांचा गाड्यांवरचा खर्च वाढलेला होता. आपल्याकडे यासाठी लॉटरी लागत नाही. पार्किंगमध्ये शेजारच्या जागेवर नवी एसयूव्ही आली की पुरते.

शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा खोल जाते ते शेजारच्या माणसाचे वेतन, तेही काम एकच असताना. चाकण आणि भोसरीच्या पट्ट्यात हा विषय रोजचा आहे. एकाच लाइनवर, एकच स्टेशन, एकच पाना. एकाच्या गळ्यातले ओळखपत्र कायम कामगाराचे, दुसऱ्याचे कंत्राटी, तिसऱ्याचे ट्रेनीचे. अनेक ठिकाणी गणवेशाचा रंगही वेगळा असतो. लग्न जमवताना मुलीकडचे पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, "पर्मनंट आहे का?"

अर्थशास्त्रज्ञ एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांनी ओडिशात याच गोष्टीचा प्रयोग केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मजुरांना महिनाभर छोट्या गटांत वस्तू बनवण्याचे काम दिले. काही गटांत सर्वांना सारखी रोजंदारी, काही गटांत वेगवेगळी. मग तुलना केली ती हातात तेवढीच मजुरी पडणाऱ्या दोन मजुरांची. एकाच्या सोबत्यांनाही तेवढेच मिळत होते, दुसऱ्याच्या सोबत्यांना त्याच्यापेक्षा जास्त. त्या दुसऱ्याचे उत्पादन घसरले आणि हजेरी तब्बल १८ टक्के बिंदूंनी कमी झाली. हजेरी बुडवली की रोज बुडतो. पैशाची गरज असलेली ही माणसे, तरी ती घरी बसून राहिली. कमी मिळण्यापेक्षा कमी लेखले जाणे त्यांना असह्य झाले, असाच याचा अर्थ लावावा लागतो. गटातल्या गटात एकमेकांना मदत करणेही कमी झाले.

या प्रयोगातला उरलेला अर्धा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. जिथे जास्त मजुरी घेणारा सोबती खरोखरच जास्त माल काढतो, हे डोळ्यांना स्पष्ट दिसत होते, तिथे वेगळ्या मजुरीचा काहीही वाईट परिणाम झाला नाही. म्हणजे माणसाला प्रत्येक फरक खुपत नाही. वरची पायरी कुणाला का मिळाली, याचे पटणारे उत्तर असले की तो ती मान्य करतो. चाकणच्या लाइनवर शेजारी उभ्या असलेल्या दोघांतल्या फरकाचे असे कोणते उत्तर आहे, हा डॉक्टरांनी सोडवायचा प्रश्न नव्हे. पण त्याचे परिणाम ओपीडीत येतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाबमधल्या तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात समान कामाला समान वेतनाचा निकाल दिला. त्या निकालपत्रातही पैशाच्या जोडीला माणसाच्या स्वाभिमानाचा आणि प्रतिष्ठेचा विचार आहे.

मग ज्याची पायरी या मोठ्या शिडीवर लवकर बदलण्यासारखी नाही, त्याने समाधानाची आशाच सोडायची का? इथे कॅमेरॉन अँडरसन आणि सहकाऱ्यांचे २०१२चे संशोधन कामाला येते. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या. एक, माणसाची सांपत्तिक स्थिती. दुसरी, रोज ज्यांच्यात वावरतो त्या लोकांत त्याला किती मान आहे. आयुष्याबद्दलच्या समाधानाशी दुसऱ्या गोष्टीचा संबंध अधिक घट्ट निघाला. एमबीएच्या विद्यार्थ्यांना शिक्षण संपवून नोकरीला लागल्यावर पुन्हा गाठले, तेव्हा नव्या जागी ज्यांचा मान वाढला होता त्यांचे समाधान वाढले होते आणि ज्यांचा घटला होता त्यांचे घटले होते. पैशाची माणसाला सवय होऊन जाते, मानाची तितकी होत नाही, असा त्यांचा अंदाज आहे.

पुणे जिल्ह्यातल्या वाचकांना याचे उलटे उदाहरण शोधायला लांब जावे लागणार नाही. जमिनीचे गुंठे विकून पैसा आलेल्या माणसासाठी इथे 'गुंठामंत्री' हा शब्द रूढ झाला. त्यात हेटाळणी आहे आणि ती ज्याला चिकटते त्याला ती कळतेही. वडिलांची शेती गेली, गाडी आली, पण शेतकरी म्हणून असलेला मान गेला आणि नवा काही मिळाला नाही. उत्पन्नाच्या शिडीवर नववी पायरी आणि चारचौघांच्या शिडीवर थट्टा, अशी ही अवस्था असते. दारू, मधुमेह आणि रक्तदाब तिथेही असतात. त्याकडे हसण्यावारी पाहिले जाते, हे चूक आहे.

आणि याच रहाटणी-काळेवाडीच्या गल्ल्यांत, दिवसभर 'ए हेल्पर' अशी हाक ऐकलेला माणूस संध्याकाळी भजनी मंडळात पखवाज घेऊन बसतो, तेव्हा त्याची वाट पाहून थांबलेली दहा माणसे असतात. कुणी तालमीत वस्ताद असतो, कुणी गणेश मंडळाचा हिशेब ठेवतो, कुणी बचत गटाची अध्यक्ष असते. आषाढीला तुकोबांची पालखी देहूहून आकुर्डीमार्गे पुण्याकडे जाते, तेव्हा वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. तिथे वय, पैसा, हुद्दा काही विचारले जात नाही. या जागांना करमणूक किंवा रिकामपणचा उद्योग समजणे बरोबर नाही. हुद्द्याशी आणि पगाराशी संबंध नसलेली दुसरी शिडी माणसाला तिथे मिळते. नव्या शहरात आलेल्या कुटुंबाला अशी जागा सापडायला काही वर्षे जातात. बायकांना जास्तच, कारण नवऱ्याला निदान कंपनी तरी असते.

यावरून कुणी गरिबाला 'समाधानी राहा' असा उपदेश करू लागेल, तर तो या संशोधनाचा गैरवापर ठरेल. कोलकात्यातल्या झोपडपट्टीत, फुटपाथवर आणि वेश्यावस्तीत राहणाऱ्या ८३ लोकांचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंब आणि नाती यांबाबत ही माणसे बऱ्यापैकी समाधानी होती. एकूण आयुष्याबद्दल मात्र नव्हती. नाती आधार देतात, पण भाडे भरत नाहीत. शिवाय फुलीचा आणि समाधानाचा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो. नैराश्य आलेला माणूस पायरी ढळलेली नसतानाही स्वतःला तळाशी ठेवतो. २०२० मध्ये साडेतीनशेहून अधिक अभ्यास आणि २३ लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र पाहण्यात आली, तेव्हा कागदावरच्या स्थानापेक्षा मनातल्या स्थानाचा समाधानाशी संबंध जास्त दिसला, पण तोही माफकच. आयुष्याचे समाधान एका फुलीत मावत नाही.

म्हणूनच ती फुली अचानक खाली का आली, हे विचारणे जास्त उपयोगाचे असते. नोकरीचा करार संपला का, कुणी अपमान केला का, की परिस्थिती तीच असताना मनच खचले आहे? दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, आपण कुणाच्याच कामाचे नाही असे वाटत असेल किंवा जगणे नकोसे होत असेल, तर तो मनाचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येते. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे.

रुग्णालयांनीही आरशात पाहायला हवे. केसपेपरच्या रांगेत मळक्या कपड्यांतल्या बाईला 'ए मावशी, सरक पुढे' आणि तिच्या मागच्या इस्त्रीच्या शर्टाला 'सर, बसा ना' असे जिथे म्हटले जाते, तिथे तपासणी सुरू होण्याआधीच तिची पायरी सांगून झालेली असते. मग तिचा रक्तदाब मोजला जातो आणि तो जास्त का आला म्हणून गोळी वाढवली जाते.

धडधड, अॅसिडिटी, डोके जड होणे, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या तरुण कामगारांचे ईसीजी आणि रक्ताचे अहवाल पुष्कळदा नॉर्मल येतात. 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' असे सांगून त्यांना परत पाठवले जाते. केसपेपरवर व्यवसायाच्या जागी 'नोकरी' किंवा 'मजुरी' एवढेच लिहिलेले असते. कायम की कंत्राटी, करार कधी संपतो, कामावर कुणी नीट बोलते का, याला रकाना नाही. विचारले तर मात्र रुग्ण सांगतो, आणि झोप कधीपासून गेली ते बहुतेक वेळा तिथून पुढेच नीट कळू लागते.